इटलीच्या घरगुती स्वयंपाकाचीं पुस्तकें

इटालियन स्वयंपाक शिकावयाचा असेल तर कोणतें पुस्तक घ्यावें, असा प्रश्न अलीकडे शहरांतील पुष्कळ घरांतून विचारला जातो. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यांतील 'इटालियन स्वयंपाक' हे दोन शब्दच फसवे आहेत. डिसेंबर २०२५ मध्यें दिल्ली येथें भरलेल्या युनेस्कोच्या समितीनें इटालियन स्वयंपाकास मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, तेव्हां तो एकच एक पदार्थसंग्रह असावा असा पुष्कळांचा समज झाला असेल. प्रत्यक्षांत बोलोन्याच्या गृहिणीस आपला स्वयंपाक बोलोन्याचा वाटतो आणि नेपल्सच्या गृहिणीस नेपल्सचा; दोघींच्या चुली एकमेकींस जवळजवळ परक्या असतात. म्हणून पुस्तकाची निवड करण्यापूर्वीं इटलीचा नकाशा क्षणभर डोळ्यांपुढें आणणें अवश्य आहे.

इटली हें एक राष्ट्र म्हणून १८६१ सालीं अस्तित्वांत आलें. रोम शहर त्यांत सामील व्हावयास १८७० साल उजाडलें. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें त्या भूमीवर निरनिराळीं राज्यें व नगरें नांदत होतीं. प्रत्येकाची बोली निराळी, वजनेंमापें निराळीं आणि ताटहि निराळें. आज त्या देशाचे वीस प्रांत आहेत. उत्तरेस पो नदीच्या सखल खोऱ्यांत भात पिकतो आणि गाईगुरें पोसलीं जातात. म्हणून त्या बाजूस लोणी, चीज, तांदूळ आणि मक्याच्या पिठाची 'पोलेन्ता' यांचें प्राबल्य. त्याच खोऱ्याच्या दक्षिण अंगास एमिलिया भागांत मऊ गव्हाचें पीठ अंड्यांत भिजवून, पातळ लाटून ताजा पास्ता करितात. टस्कनींत ऑलिव्हचें तेल, घेवड्याचे दाणे आणि बिनमिठाचा पाव. नेपल्सकडे व त्याखालीं दक्षिणेंत कठीण जातीच्या गव्हाचा रवा नुसत्या पाण्यांत मळून वाळविलेला पास्ता आणि टोमॅटो. हा टोमॅटो तरी सोळाव्या शतकांत अमेरिकेंतून आलेला पाहुणा! सिसिलीवर नवव्या ते अकराव्या शतकांत अरबांचें राज्य होतें. तेथील अन्नांत बेदाण्यांची गोडी आणि आंबट रस एकत्र नांदतात. अशा देशाचा 'एक' स्वयंपाक शिकविण्याचें वचन जें पुस्तक देतें, तें बहुधा कोठलाच स्वयंपाक नीट शिकवीत नाहीं.

याहून मोठी अडचण दुसरीच आहे. घरगुती स्वयंपाक हा मुळांत लिहून ठेवण्याचा विषय नव्हे. ज्या घरांत आई मुलीस शिकविते आणि ती मुलगी पुढें आपल्या मुलीस शिकविते, त्या घरांत पुस्तकाचें कारण पडत नाहीं. इटालियन पाककृतींत 'क्वान्तो बास्ता', म्हणजे 'लागेल तितकें', हा शब्दप्रयोग इतका रूढ आहे कीं, पुष्कळदां त्याचीं दोन आद्याक्षरेंच छापतात. ज्याला किती लागतें हें माहीत आहे, त्याला ही सूचना पुरेशी होते. ज्याला माहीत नाहीं, त्याला ती निरुपयोगी. मग शिकण्याजोगीं पुस्तकें लिहिलीं तरी कोणीं? इटलीच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर मोठें मननीय आहे. त्यांतील कित्येक उत्तम पुस्तकें अशा माणसांनीं लिहिलीं कीं, ज्यांचें घर या ना त्या कारणानें मागें राहिलें होतें, अथवा जीं परक्या ठिकाणाहून त्या घरांत आलीं होतीं. जें घरांतल्या माणसास सांगण्याची गरज नसते, तें त्यांना शब्दांत मांडावें लागलें. आणि नवशिक्यास नेमकें तेंच हवें असतें.

या परंपरेंतील पहिला मोठा ग्रंथ पेल्लेग्रिनो आर्तूसी याचा. आर्तूसी आचारी नव्हता. तो रेशमाचा व्यापारी होता. १८२० सालीं रोमान्या भागांतील फोर्लिम्पोपोली या लहान गांवीं त्याचा जन्म झाला. १८५१ च्या जानेवारींत एका दरोडेखोर टोळीनें तें गांव लुटलें. आर्तूसीचें घरहि त्यांत सांपडलें, आणि पुढें तें कुटुंब फ्लॉरेन्स येथें जाऊन राहिलें. व्यापारांतून मोकळा झाल्यावर, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यानें 'स्वयंपाकांतील शास्त्र आणि चांगलें जेवण्याची कला' या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ सिद्ध केला. छापावयास प्रकाशक मिळेना, तेव्हां १८९१ सालीं त्यानें तो पदरमोड करून छापला. पहिल्या आवृत्तींत पाककृति ४७५ व प्रती अवघ्या एक हजार. पुढें ठिकठिकाणच्या वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं; घरोघरच्या रीती त्याच्याकडे पोहोंचूं लागल्या. त्याचा आचारी फ्रांचेस्को रुफ्फिल्ली आणि घर सांभाळणारी मारिएत्ता साबातिनी हीं दोघें त्या कृति त्याच्या देखरेखीखालीं करून पाहत. १९११ सालीं नव्वद वर्षांचा होऊन आर्तूसी वारला, तेव्हां पाककृतींची संख्या ७९० पर्यंत गेली होती. ग्रंथाचे हक्क त्यानें मरतेवेळीं या दोन सेवकांस दिले.

या ग्रंथाचें महत्त्व केवळ पाककृतींत नाहीं. राष्ट्र एक झालें तरी त्या काळीं बहुसंख्य लोक आपापल्या बोलींतच व्यवहार करीत, आणि श्रीमंतांच्या मुदपाकखान्यांतील भाषा फ्रेंच शब्दांनीं भरलेली असे. आर्तूसीनें साधी, सर्वांस कळेल अशी इटालियन भाषा वापरली. पाककृति सांगतां सांगतां तो गप्पा मारतो, विनोद करितो, आणि पदार्थ कोठला आहे हें सांगावयास सहसा विसरत नाहीं. टोरॉन्टो विद्यापीठानें २००३ सालीं प्रसिद्ध केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर सुवाच्य आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, आर्तूसीचें जग रोमान्या, बोलोन्या व फ्लॉरेन्स यांच्याभोवतीं फिरतें. दक्षिणेस त्याच्या ग्रंथांत फार थोडी जागा मिळाली आहे. दुसरी, तो लाकडांच्या व कोळशांच्या चुलीच्या काळांतला असल्यामुळें आंचेचें आजच्यासारखें अंशांत मोजलेलें प्रमाण त्याच्याकडे मिळणार नाहीं. हातीं थोडें वळण आल्यावर वाचावा असा हा ग्रंथ आहे.

पुस्तकांत गोठलेली पाककृति हीच खरी व अखेरची, असें मानण्याची चूक मात्र कोणी करूं नये. बोलोन्याचा 'रागू', म्हणजे मंदाग्नीवर शिजविलेलें बारीक मांसाचें कालवण, याचें उदाहरण बोलकें आहे. आर्तूसीनें बोलोन्याच्या पद्धतीचा म्हणून जो रस्सा दिला आहे, त्यांत वासराचें मांस, लोणी, कांदा, गाजर, सेलरी व मांसाचें पाणी आहे. टोमॅटो मुळींच नाहीं. १९८२ सालीं इटालियन पाककला अकादमीनें बोलोन्याच्या व्यापारमंडळाच्या दफ्तरीं रागूची एक कृति रीतसर नोंदविली. तींत टोमॅटो आहे आणि दूधहि आहे. २०२३ सालीं तीच नोंद पुन्हा सुधारून घेण्यांत आली. म्हणजे ज्या गांवचा पदार्थ, त्या गांवींच तो बदलत गेला. परंतु एक गोष्ट सुटली नाहीं. हें कालवण बोलोन्याचीं घरें रुंद पट्टीच्या, अंड्यांत भिजविलेल्या 'तालियातेल्ले' पास्त्यावर घेतात. परदेशांत गाजलेली 'स्पागेत्ती बोलोनेझ' ही जोडी त्या घरांची नव्हे. जें पुस्तक हा भेद सांगतें, त्यावर पुढच्या पानांसाठींहि विश्वास टाकावयास हरकत नाहीं.

आर्तूसीनंतर इटलींतील मध्यमवर्गीय घरांत जें पुस्तक रुळलें, तें रोमच्या आदा बोनी हिचें 'इल तालिस्मानो देल्ला फेलिचिता', म्हणजे 'सुखाचा ताईत'. १९२० नंतरच्या दशकांत तें निघालें आणि पुढें कित्येक नववधूंच्या हातीं गेलें. तिचें प्रांतवार रचलेलें पुस्तकहि आहे व त्याचें इंग्रजी भाषांतर १९६९ सालीं झालें. परंतु सुखाच्या ताइताची सर्वांत मोठी कामगिरी इटलीबाहेर घडली. १९५५ सालीं मार्चेल्ला हाझान नांवाची एक तरुणी विवाहानंतर न्यूयॉर्क येथें राहावयास आली. एमिलिया-रोमान्यांतील चेझेनातिको या समुद्रकांठच्या गांवीं १९२४ सालीं जन्मलेल्या या बाईनें शास्त्रविषयांत विद्यापीठाची उच्च पदवी मिळविली होती. स्वयंपाक मात्र तिनें कधीं केला नव्हता. परक्या शहरांत, परक्या भाषेंत, घरच्या चवीची आठवण आणि आदा बोनीचें पुस्तक एवढ्या सामग्रीवर ती शिकली. पुढें आपल्या घरींच ती वर्ग चालवूं लागली आणि १९७३ सालीं तिचें पहिलें पुस्तक निघालें. ती इटालियनमध्यें लिही आणि तिचे पति व्हिक्टर त्याचें इंग्रजी करीत. १९७८ सालीं दुसरें पुस्तक झालें. १९९२ सालीं दोन्ही एकत्र करून 'एसेन्शियल्स ऑफ क्लासिक इटालियन कुकिंग' या नांवानें प्रसिद्ध झालीं. २०१३ सालीं ती वारली.

ज्याला एकच पुस्तक घ्यावयाचें आहे त्यानें हेंच घ्यावें. त्याचें कारण पाककृतींची संख्या हें नव्हे. प्रारंभींच ती तीन शब्द समजावून सांगते. 'बात्तूतो' म्हणजे कांदा, गाजर, सेलरी यांसारख्या जिनसा बारीक चिरून केलेला गोळा. तो तेलांत वा लोण्यांत परतला म्हणजे 'सोफ्रित्तो' होतो. मग मुख्य भाजी किंवा मांस त्यांत घालून, तिच्या अंगास ती चव पूर्णपणें लागेपर्यंत परतावयाचें, याला 'इन्सापोरीरे' म्हणतात. महाराष्ट्रीय गृहिणीस येथें फोडणीची आठवण होईल. परंतु फोडणी क्षणांत तडतडते, तर सोफ्रित्तो मंद आंचेवर, कांदा सोनेरी होईतों, सावकाश करावा लागतो. या तीन पायऱ्या ज्याच्या हातीं बसल्या, त्याला इटलीच्या घरांतील अनेक पदार्थांची किल्ली मिळाली.

तिचा टोमॅटोचा रस्सा प्रसिद्धच आहे. सुमारें ९०० ग्रॅम पिकलेल्या टोमॅटोंचा गर, पांच मोठे चमचे, म्हणजे सुमारें ७० ग्रॅम, लोणी आणि सोलून दोन भाग केलेला एक मध्यम कांदा, एवढेंच साहित्य व चवीपुरतें मीठ. उघड्या भांड्यांत मंद आंचेवर पाऊण तास शिजवावयाचें, आणि शेवटीं कांदा काढून टाकावयाचा. येथें लसूण नाहीं, मसाला नाहीं, साखर नाहीं. आपल्याकडील सुगरणीस हात आवरणें अवघड जाईल. पण एकदां तरी कांहींहि न वाढवितां ही कृति करून पाहावी. थोड्या जिनसांस पुरेसा वेळ दिला असतां काय होतें, हा त्या साऱ्या स्वयंपाकाचा पहिला धडा त्या एका भांड्यांत मिळतो. या पुस्तकाचें न्यून सांगावयाचें तर लेखिकेचा ओढा स्वाभाविकपणेंच आपल्या माहेराकडे व उत्तर इटलीकडे आहे. दक्षिणेसाठीं दुसरीकडे वळावें लागतें.

एलिझाबेथ डेव्हिड या इंग्रज लेखिकेचें 'इटालियन फूड' १९५४ सालीं निघालें. युद्धकाळापासून चालत आलेलें अन्नाचें रेशनिंग ब्रिटनमध्यें त्याच वर्षीं पुरतें उठलें. ऑलिव्हचें तेल जेथें औषधांच्या दुकानांत लहान बाटल्यांतून मिळे, अशा देशांतल्या वाचकांस तिनें व्हेनिसचा भाजीबाजार व जेनोआची खानावळ दाखविली. इटालियन माणसाच्या लेखीं 'इटालियन अन्न' असें कांहीं एक नसतें, हा मुद्दा इंग्रजी वाचकांपुढें ठामपणें मांडणाऱ्यांत ती अग्रेसर होती. तिच्या कृति त्रोटक आहेत. नवशिक्या तेवढ्यावर अडखळेल. परंतु रात्रीं निवांतपणें वाचावयास हें पुस्तक फार चांगलें. पुढें १९८९ सालीं क्लॉडिया रोडेन हिनें 'द फूड ऑफ इटली' प्रांताप्रांतानें लिहिलें. ती कैरो शहरांत जन्मलेली. प्रत्येक प्रांताचें थोडक्यांत वर्णन आणि मग तेथील निवडक कृति, अशी त्याची रचना आहे. देशाचा एकंदर अंदाज ज्याला घ्यावयाचा आहे, त्यानें हाझाननंतर हें घ्यावें.

यानंतरची पायरी म्हणजे एकाच प्रांताचें पुस्तक, आणि खरें शिक्षण येथूनच सुरू होतें. एमिलिया-रोमान्यासाठीं लिन रोसेट्टो कॅस्पर हिचें 'द स्प्लेंडिड टेबल' (१९९२), नेपल्स व त्या भोवतालच्या मुलुखासाठीं आर्थर श्वार्ट्झ याचें 'नेपल्स ॲट टेबल' (१९९८), हीं भरवंशाचीं आहेत. सिसिलीसाठीं मेरी टेलर सिमेटी हिचें १९८९ मधील 'पॉम्प अँड सस्टेनन्स' आहे. ही बाई मूळची अमेरिकन. लग्न करून सिसिलींत राहिली. ग्रीकांपासून आजपर्यंत पंचवीस शतकांत त्या बेटाच्या अन्नावर कोणकोणते थर बसले, हें तिनें कृतींसह उलगडून दाखविलें आहे. सासरीं आलेली सून जितक्या चौकस नजरेनें घरची रीत पाहते, तितकी घरची लेक पाहत नाहीं, याचा प्रत्यय या पुस्तकांत पानोपानीं येतो.

एदा सेर्वी मॅक्लिन हिच्या १९८१ सालच्या पुस्तकाचा उल्लेख निराळा करावयास हवा. टस्कनीच्या दक्षिण टोंकास पितिल्यानो नांवाचें डोंगरावरील गांव आहे. तेथें कित्येक शतकें यहुदी लोकांची वस्ती होती. मॅक्लिन त्या वस्तींत वाढली. दुसऱ्या महायुद्धांतील छळानंतर ती वस्ती जवळजवळ नाहींशी झाली, आणि लेखिका पुढें अमेरिकेंत स्थायिक झाली. सणावारीं त्या घरांत काय शिजे, कोणत्या दिवशीं कोणती भट्टी लागे, हें तिनें पाककृतींबरोबर लिहून ठेविलें. जो स्वयंपाक करणारीं घरेंच उरलीं नाहींत, त्याचा पत्ता आज अशा पानांतूनच लागतो. एऱ्हवीं 'लागेल तितकें' म्हणणारा शेवटचा हात गेला कीं, त्याबरोबर त्याचें मापहि जातें.

आतां कोशवजा ग्रंथांविषयीं. १९५० सालीं निघालेला 'इल कुक्कियायो दार्जेन्तो', म्हणजे 'चांदीचा चमचा', हा इटलीच्या घरोघर पोहोंचलेला जाडजूड संग्रह २००५ सालीं इंग्रजींत आला आणि भेट म्हणून फार खपला. तो चाळावयास बरा. पण त्याची रचना प्रांतवार नाहीं, आणि कृति अनेकदां चार ओळींत आटोपलेल्या असतात. आन्ना गोसेत्ती देल्ला साल्दा हिचा १९६७ सालचा 'ले रिचेत्ते रेज्योनाली इतालियाने' हा प्रांतवार ग्रंथ दोन हजारांहून अधिक कृतींचा आहे. ज्यांना इटालियन वाचतां येतें त्यांना तो सर्वांत मोलाचा. ज्यांना येत नाहीं त्यांनीं १९५३ सालीं मिलान येथें स्थापन झालेल्या इटालियन पाककला अकादमीचा 'ला कुचीना' हा २००९ सालचा इंग्रजी ग्रंथ पाहावा. त्यांतहि सुमारें दोन हजार कृति आहेत व प्रत्येकीवर प्रांताचें नांव आहे. असे ग्रंथ शब्दकोशाप्रमाणें वापरावे. शब्दकोश पाठ करून भाषा येत नाहीं.

शाकाहारी घरांस एक शंका रास्त वाटेल, कीं या पुस्तकांतून आपल्या कामाचें किती निघेल? पुष्कळ निघेल. इटलींतील गरीब शेतकऱ्याच्या ताटांत मांस क्वचित् येई. त्याचा स्वयंपाक कडधान्यें, पालेभाज्या, शिळा पाव आणि तेल यांवर उभा होता. टस्कनींतील घेवडा व कोबी घातलेली, दुसऱ्या दिवशीं पुन्हा उकळावयाची 'रिबोल्लिता', शिळ्या पावाची व टोमॅटोची 'पाप्पा', पुल्या प्रांतांतील वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचें मऊ वरण व त्यासोबत कडवट पालेभाजी, हे पदार्थ त्या वर्गांतले. मात्र येथें दोन गोष्टींची सावधगिरी हवी. पुष्कळ भाज्यांच्या कृतींतहि मांसाचें पाणी किंवा डुकराच्या चरबीचा तुकडा असतो. म्हणून साहित्याची यादी पूर्ण वाचावी. आणि अस्सल 'पार्मिजानो रेज्जानो' चीज वासराच्या जठरांतील विरजणानेंच केलें जातें. तें शाकाहारी नव्हे. ज्यांना तें चालत नाहीं त्यांनीं वनस्पतिजन्य विरजणाचें कठीण चीज वेष्टण वाचून घ्यावें.

दुकानांत पुस्तक हातीं घेतल्यावर त्याची परीक्षा कशी करावी? पदार्थाखालीं गांवाचें वा प्रांताचें नांव आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. पास्त्याच्या कोणत्या आकारास कोणता रस्सा, हें तें सांगतें कीं सर्वांस एकच रस्सा चोपडतें, हें दुसरें. पदार्थ केव्हां झाला तें केवळ मिनिटांत सांगतें कीं रंग, वास व दाटपणा यांच्या खुणाहि देतें, हें तिसरें. मापें कोणतीं हेंहि पाहून ठेवावें. इटलींतील पुस्तकें ग्रॅमनें मोजतात, अमेरिकेंतील पेल्यानें, आणि तो पेला सुमारें २४० मिलिलिटरचा असतो. आपल्याकडील चहाच्या पेल्यानें मोजूं गेल्यास सारा हिशेब चुकतो.

याप्रमाणें आरंभ हाझानपासून करावा, देशाचा अंदाज रोडेनकडून घ्यावा, आणि मग सर्व प्रदेशांचें बारा पानांत जेवण्याचा मोह सोडून एक प्रांत निवडावा. वर्षभर त्याच प्रांताचे दहा-पंधरा पदार्थ पुन्हा पुन्हा करावे. पहिल्या वेळीं पुस्तकांतील मापाबरहुकूम, दुसऱ्या वेळीं पुस्तक शेजारीं ठेवून, तिसऱ्या वेळीं तें मिटून. प्रत्येक वेळीं काय कमी पडलें व काय जास्त झालें, हें समासांत पेन्सिलीनें टिपून ठेवावें. घरांतील लेकीसुनांस आणि मुलग्यांसहि त्या वेळीं शेजारीं उभें करावें. आणि वहींत कांदेपोहे किंवा आमटी यांचेंहि घरचें माप तितक्याच नेमकेपणानें लिहून ठेवण्यास हीच संधि चांगली आहे.